तोटा दुरुस्तीच्या वर्षी दिसतो

हिशेबातली मागची चूक जो दुरुस्त करतो, तोटा त्याच्याच नावावर लागतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब लेखामानकांवर आणताना हे हमखास घडतं. मेहकर तालुक्यातल्या अशाच एका कंपनीच्या संचालक मंडळावर राहून मी त्याची झळ सोसली आहे, म्हणून हे लिहितो. डोणगाव-जानेफळच्या सभासदाला मानकांचे क्रमांक पाठ असावेत अशी माझी अपेक्षा नाही. ताळेबंदावर सही करणाऱ्याला मात्र त्यांचा अर्थ कळलाच पाहिजे, आणि ‘यंदा नवीन काही नाही, मागचाच फॉरमॅट चालतो’ असं सांगून फी घेणाऱ्या सल्लागाराला तर कळायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या वर्षी कंपनी जुनी पद्धत सोडते, त्या वर्षी जुन्या आकड्यांपासून नव्या आकड्यांपर्यंतचा मेळ कागदावर मांडून सभासदांना आणि बँकेला द्यावा. कायद्याने मागितला नसला तरी द्यावा, आणि ताळेबंद छापण्याआधी द्यावा.

मोठ्या कंपन्यांना हा मेळ द्यावाच लागतो. १६ फेब्रुवारी २०१५ ला भारतीय लेखामानकांचे, म्हणजे इंड एएसचे, नियम निघाले. १ एप्रिल २०१६ पासून पाचशे कोटी किंवा त्याहून अधिक नक्त मत्ता असलेल्या कंपन्यांना ते सक्तीचे झाले, आणि पुढच्या वर्षी बाकीच्या सूचीबद्ध कंपन्या व अडीचशे कोटींच्या पुढच्या कंपन्याही त्यांत आल्या. या संचातलं इंड एएस १०१ हे मानक केवळ पहिल्यांदा बदल करणाऱ्यांसाठी आहे. जुन्या पद्धतीने भागधारकांचा निधी किती होता, नव्या पद्धतीने किती झाला, फरक कोणत्या बाबीमुळे पडला, नफ्यात किती फरक आला, हे सारं त्याप्रमाणे जाहीर करावं लागतं. आपल्यासारख्या छोट्या कंपन्या तिथे मोडत नाहीत. आपल्याला २३ जून २०२१ चे कंपनी लेखामानक नियम लागू आहेत. उलाढाल अडीचशे कोटींच्या आत आणि कर्ज पन्नास कोटींच्या आत असेल, तर लघु व मध्यम कंपनी म्हणून काही सवलतीही मिळतात. मेळ जाहीर करण्याची सक्ती मात्र या नियमांत नाही. मागच्या वर्षांची चूक सापडली तर यांतल्या लेखामानक ५ (एएस ५) प्रमाणे ती चालू वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात ‘पूर्वकालीन बाब’ म्हणून वेगळी दाखवायची. मोठी कंपनी मागचे आकडेच दुरुस्त करून छापते. छोट्या कंपनीत मागचे आकडे तसेच राहतात आणि सगळं ओझं चालू वर्षावर येतं.

याचा अर्थ एका उदाहरणाने नीट कळेल. समजा कंपनीने एक कोटीची क्लीनिंग-ग्रेडिंगची यंत्रणा बसवली आणि त्यावर साठ लाखांचं अनुदान मिळालं. एएस १२ प्रमाणे अशा अनुदानासाठी दोन मार्ग आहेत. यंत्राच्या किमतीतून ते वजा करावं, नाहीतर ‘स्थगित उत्पन्न’ म्हणून ठेवून यंत्राच्या आयुष्यभर थोडं थोडं उत्पन्नात घ्यावं. यंत्राचं आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर वर्षाला चार लाख होतात. पण पहिल्याच वर्षी साठच्या साठ लाख उत्पन्नात घेतले की नफा भरघोस दिसतो, सर्वसाधारण सभेत टाळ्या पडतात, अध्यक्षांचा सत्कार होतो. तिसऱ्या वर्षी कोणी ही चूक काढली, तर पहिल्या दोन वर्षांचे योग्य आठ लाख सोडून उरलेले बावन्न लाख त्या तिसऱ्या वर्षातून परत फिरवावे लागतात. त्या वर्षी सोयाबीनचा धंदा उत्तम झालेला असो, पत्रकाच्या तळाशी तोटाच दिसतो. हातातून एक रुपया गेलेला नसतो. तरी सभासद विचारतात की मागच्या मंडळाच्या काळात नफा होता, तुमच्याच काळात तोटा कसा? मेळाचा एक कागद आधी हातात असता, तर या प्रश्नाचं उत्तर प्रश्न येण्याआधीच मिळालं असतं.

तो कागद सल्लागाराकडून मागावा लागतो. हिशेब तयार करणाऱ्या सल्लागारांच्या वागण्यात एक ठरावीक क्रम दिसतो. एप्रिलमध्ये विचारलं तर ‘घाई काय आहे, मार्चअखेर बघू.’ मार्च उलटल्यावर ‘आता लेखापरीक्षक सांगतील तसं.’ लेखापरीक्षकांनी शेरा मारला की ‘व्यवस्थापनाने माहिती दिली नाही.’ हे शेवटचं वाक्य फार सोयीचं आहे, कारण कायदा खरोखरच संचालकांकडे बोट दाखवतो. कंपनी कायद्याच्या कलम १३४(५) खाली, लागू असलेली लेखामानकं पाळली आहेत असं निवेदन संचालकच देतात. आर्थिक पत्रकांसंबंधीच्या कलम १२९ चा भंग झाला तर दंडाची आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूदही जबाबदार पदाधिकाऱ्यांसाठी आहे. फी सल्लागाराची आणि जोखीम आपली, अशी ही वाटणी आहे. म्हणून बदलाचा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावाने व्हावा, आणि सल्लागाराला दिलेल्या पत्रात मेळाचा तक्ता हे काम तारखेसह लिहिलेलं असावं. तोंडी आश्वासनाला हिशेबात जागा नाही.

अनुदानाखेरीज दोन जागा तपासाव्यात. हमीभाव खरेदी केंद्रावर नाफेडसाठी मोजला गेलेला माल कंपनीचा नसतो, कंपनीला कमिशन मिळतं. एएस ९ प्रमाणे अशा दलालीच्या व्यवहारात कमिशन एवढंच उत्पन्न आहे. हा नियम काही नवा नाही, तरी मालाची पूर्ण किंमत विक्रीत दाखवून उलाढाल फुगवण्याची सवय सुटत नाही. दुसरी जागा मार्चअखेरच्या साठ्याची. एएस २ प्रमाणे साठा खरेदी खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी जे कमी असेल त्याने धरायचा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांमधले भाव बहुतेक काळ त्याच्या बरेच खाली होते. हमीभावाची खरेदी मार्चच्या आधीच संपली होती, आणि तो भाव शेतकऱ्याच्या मालाला असतो, कंपनीने घेऊन ठेवलेल्या साठ्याला नाही. तरीही हमीभावाने साठा धरला तर कागदावर नफा वाढतो आणि पुढच्या वर्षी विक्रीच्या वेळी तोच फरक तोट्यात निघतो.

यावर आक्षेप येतात. एवढ्याशा कंपनीला हा खटाटोप कशाला, हा पहिला. पण मेळाचा तक्ता एका पानात बसतो, आणि छोट्या कंपनीतच एका चुकीचा आकडा भागभांडवलाएवढा होतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नफा कमी दिसला तर बँक कर्जाची मर्यादा कापेल. कापू शकते, ही भीती मी नाकारत नाही. पण फुगवलेल्या उलाढालीवर मिळालेलं कर्ज खऱ्या उलाढालीतून फेडावं लागतं, आणि तो ताण संचालकांच्या वैयक्तिक हमीपर्यंत येतो. बँकेला फरकाची कारणं आधी समजावली तर निदान बोलणी होतात, शेऱ्यातून कळलं तर विश्वासच संपतो. गुपचूप मागच्या तारखेने नोंद फिरवून भागवू, असाही एक सल्ला मिळतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहणं बंधनकारक आहे आणि तो माग बंद करता येत नाही. त्यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं.

प्रत्यक्ष काम सुरू करायचं ते १ एप्रिललाच. येणी-देणी किती जुनी आहेत याचा तक्ता २०२१ च्या सुधारणेपासून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये मागितला जातो: येण्यांसाठी सहा महिन्यांच्या आतली, वर्षभराच्या आतली, मग दोन, तीन आणि तीन वर्षांपुढची. खत-बियाण्याची उधारी ‘खात्यावर जमा’ म्हणून ढोबळ नोंदवली असेल तर हा तक्ता कोणत्याही तज्ज्ञाला वर्षअखेर बनवता येत नाही, कारण कोणत्या बिलाचे पैसे आले हेच कळत नाही. टॅलीत बिलवार नोंद पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी. अनुदानाचं प्रत्येक मंजुरीपत्र वेगळ्या फाइलमध्ये लावून ते यंत्रासाठी आहे की खर्चासाठी, हे त्यावरच लिहून ठेवावं. कागदपत्रं जपून ठेवावीत, सह्या वाचून कराव्यात, हे सगळेच सांगतात. मी त्यात एवढंच जोडीन की पूर्वकालीन बाबीच्या रकमेसमोर ती कोणत्या आर्थिक वर्षातली आहे हे टिपेत वर्षवार छापून घ्या, आणि ती टीप सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. त्या वर्षांचे पदाधिकारी सभेला असतील तर खुलासा त्यांनी करावा.