एकाच फुंकरीने दिवा विझतो, चूल पेटते : हवा व ज्वलन यांवरील एक पाठ



हवा हा घटक आपण दरवर्षी शिकवितो. ‘ज्वलनास प्राणवायू लागतो’ हे वाक्य मुले घडाघडा म्हणून दाखवितात आणि आपणही समाधान पावतो. मीही काही काळ असाच समाधानी होतो. त्या समाधानाला तडा कसा गेला, हे प्रथम सांगतो आणि मग पाठाकडे वळतो.

नोकरीच्या प्रारंभी अंजनगाव सुर्जी भागातील एका शाळेत चौथीच्या वर्गास मी हा पाठ देत होतो. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला, ज्योत विझली. पेला काढून मेणबत्ती पुन्हा पेटविली आणि पाठ संपताच फुंकर मारून विझविली. तोच मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, तुमी फुकलं त मेणबत्ती इझली. माही माय फुकते त चूल पेटते. असं काहून?”

मला उत्तर सुचले नाही. “खाली बस, पुढच्या वर्गात शिकशील,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, आणि त्यानंतर वर्षभर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी पेटत नसे, म्हणून ती कित्येकदा उशिरा येई. डोळे लाल झालेले असत. उशिराबद्दल मी तिला रागे भरत असे. ज्वलनाचा प्रयोग ती रोज पहाटे स्वतःच्या श्वासाने करीत होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मेणबत्तीची ज्योत म्हणजे जळणारी वाफ होय. उष्णतेने मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते व ती वाफ पेट घेते. ज्योतीत उष्णतेचा साठा फार थोडा असतो. फुंकर बसताच ती वाफ वातीपासून दूर ढकलली जाते, वात थंड होते आणि ज्योत तुटते. निखाऱ्याचे तसे नाही. तो घन असून त्याच्या अंगात उष्णता साठलेली असते. त्याच्यावर राखेचे पांघरूण असते आणि भोवती जळून निरुपयोगी झालेली हवा साचलेली असते. फुंकर ही राख उडविते, साचलेली हवा दूर सारते व ताजी हवा निखाऱ्यास भिडविते. फुंकरीने जेवढी उष्णता जाते, तीहून अधिक उष्णता नव्या ज्वलनाने निर्माण होते. म्हणून निखारा फुलतो.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “आपण सोडलेला श्वास तर वापरलेला असतो, मग त्याने विस्तव कसा फुलतो?” बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तर उच्छ्वासात तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. तेवढाही निखाऱ्यास उपयोगी पडतो. शिवाय फुंकणीतून वेगाने निघालेला झोत वाटेतील ताजी हवा आपल्यासोबत ओढून नेतो. फुंकणी ही साधी नळी दिसत असली, तरी झोत बारीक करणे, तो नेमक्या जागी पोहोचविणे आणि फुंकणाराचे तोंड आचेपासून दूर ठेवणे, अशी तिन्ही कामे ती एकदम करते.

फुंकणीच्या पुढची पायरी लोहाराचा भाता. भाता उघडला की झडपेतून हवा आत येते. तो दाबला की झडप मिटते व हवा नळीने भट्टीत जाते. विळ्याचे पाते लाल होण्यास सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि ती अशा झोताने लवकर साधते. परंतु एकच भाता असेल, तर वारा खंडित होतो. पंख्याने ही उणीव भरून निघते. मूठ फिरविली की आतील पाती हवा बाहेरच्या कडेला फेकतात. मध्यभागी दाब कमी होऊन तेथे नवी हवा शिरते आणि तोंडातून अखंड झोत निघतो. अनेक ठिकाणी भात्याची जागा या पंख्याने घेतली आहे. हल्ली विजेचे लहान पंखे, ज्यांना लोक ब्लोअर म्हणतात, घरच्या चुलीलाही जोडलेले आढळतात.

येथवरची सर्व साधने हवा ढकलतात. हवा ओढताही येते. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे आपल्या भागाच्या परिचयाची होती. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले आणि पुढे ती गाडीही बंद पडली. वाफेच्या इंजिनात काम संपलेली वाफ धुराड्यातून झोताने वर सोडली जाते. ती जाताना भट्टीतील धूर ओढून नेते व त्याच्या जागी खालून ताजी हवा जाळावर येते. ‘भक्-भक्’ असा तो परिचित आवाज म्हणजे इंजिनाची फुंकणीच म्हणावयाची! घरच्या धुराड्यात वाफेचा झोत नसतो. तेथे तापलेला धूर हलका होऊन आपण होऊन वर चढतो व खालची हवा ओढतो.

ढकलणे व ओढणे यांतील भेद मुलांच्या मनावर चांगला ठसला पाहिजे, कारण घरातील माणसांचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे. पंख्याने जाळ भडकतो, पण घरातील धूर बाहेर जातोच असे नाही. धूर म्हणजे पुरते न जळलेले जळण होय. पंखा बेताने लावला, तर धूर कमी होतो. निखाऱ्याकडे थोडी हवा व वरच्या बाजूने ज्वालेत थोडी हवा दिली, तर धुरातील जळाऊ वायूही पेटून जातात. सुधारित पंख्याच्या चुली याच तत्त्वावर चालतात. पण वारा फाजील झाला, तर उलट होते. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नायट्रोजन असून तो जळण्यास मदत करीत नाही, फक्त तापून उष्णता घेऊन जातो. म्हणजे पऱ्हाटी भराभर जळते, भांडे मात्र त्या मानाने तापत नाही. वर राख व ठिणग्या उडतात, त्या वेगळ्याच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील इंधनाच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील २ लाखांहून अधिक बालके होती. वर्ध्याच्या मगनवाडीने बिनधुराच्या ‘मगन चुली’चा प्रसार केला, १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या देण्यास आरंभ केला. तरी गॅस असलेल्या अनेक घरांतही पाणी तापविण्यास वा भाकरीस चूल पेटते. पऱ्हाटी व तुराटी शेतातून मिळते, सिलिंडरला पैसे मोजावे लागतात. म्हणून चुलीचा पाठ आजही शिळा झालेला नाही.

प्रत्यक्ष पाठ

साहित्य : मेणबत्ती, कंदिलाची काच, ओली माती, दोन पेन्सिली, उदबत्ती, घमेल्यात वाळू, चिमटा, एक निखारा, फुंकणी, पाण्याची बादली.

प्रयोग मोकळ्या पण वारा नसलेल्या जागी, शिक्षकांनी स्वतः करावेत. मुलांना चार हातांवर बसवावे. रॉकेल वा पेट्रोल जवळ असू नये.

१. मेणबत्तीवर फुंकर मारावी. नंतर वाळूवर ठेवलेल्या निखाऱ्यावर फुंकणीने फुंकावे. काहीही न सांगता विचारावे, “एक विझले, एक फुलले. का?” मुलांची सर्व उत्तरे, चुकीची असली तरी, फळ्यावर लिहावीत.

२. पेटत्या मेणबत्तीभोवती काच ठेवून तिचा तळ ओल्या मातीने बंद करावा. ज्योत मंदावते व बहुधा विझते. मग काच दोन पेन्सिलींवर ठेवून मेणबत्ती पुन्हा पेटवावी. ज्योत स्थिर जळते.

३. उदबत्ती काचेच्या तळाशी धरावी. तिचा धूर आत ओढला जाऊन वर निघताना दिसतो. हेच धुराडे, असे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

४. शेवटी पहिल्या प्रश्नाकडे परत यावे व फळ्यावरील उत्तरे मुलांनाच तपासू द्यावीत.

मेणबत्तीवरून विज्ञान शिकविण्याची रीत जुनी आहे. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती. ती १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

घरी सांगावयाच्या गोष्टी

फुंकणी तोंडाला लावून श्वास आत घेऊ नये. तोंड बाजूला करून श्वास घ्यावा व मग फुंकावे. पंख्याची चुलीकडील नळी लोखंडी असावी, प्लॅस्टिकची नसावी. झोत निखाऱ्याच्या बाजूने, मंद ठेवावा आणि जाळ धरताच कमी करावा. गवताच्या वा कुडाच्या घरात, जवळ कापूस साठविलेला असताना पंखा लावू नये. विजेची तार पाण्यापासून व आचेपासून दूर असावी. पंखा असो वा नसो, धूर जाण्यास वाट हवीच, आणि धुराडे काजळीने बुजू देऊ नये. थंडीत पेटती शेगडी घेऊन दार लावून निजू नये. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही, आणि झोपलेले माणूस त्यातून जागे होत नाही.

गृहपाठात विस्तव पेटविण्यास सांगू नये, केवळ निरीक्षण सांगावे. घरी चूल कोण पेटविते, जळण कोणते, धूर कोठून बाहेर जातो, एवढे तीन प्रश्न पुरेत. ज्याच्या घरी गॅस नाही, त्या मुलास कमीपणा वाटेल असा शब्द वर्गात निघता कामा नये. या पाठापुरते तेच मूल वर्गातील सर्वांत जाणते असते, आणि त्याला तसे वाटू द्यावे.

एखादे मूल त्यानंतरही उशिरा आले व त्याचे डोळे लाल दिसले, तर रागावण्यापूर्वी चुलीची चौकशी करावी. शक्य झाल्यास पालकांशी धुराच्या वाटेविषयी बोलावे. आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर “मलाही ठाऊक नाही, उद्या शोधून सांगतो,” असे म्हणण्यात शिक्षकाचा मान जात नाही. असे प्रश्न वहीत टिपून ठेवावेत व पुढील शिक्षण परिषदेस ती वही सोबत आणावी. त्यांची उत्तरे आपण सर्व मिळून शोधू.