जागा १८०, तिकिटं १८५!

प्रश्न : कन्फर्म तिकीट हातात असूनही ‘विमान फुल झालंय’ म्हणून प्रवाशांना मागे ठेवतात. जागांपेक्षा किती तिकिटं जादा विकायची, हे विमान कंपन्या ठरवतात तरी कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अंदाजपंचे तर नक्कीच नाही. तिकीट काढलेले सगळेच येत नाहीत. कुणाची बैठक लांबते, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकतं. आणि विमान उडालं की रिकाम्या जागेचे पैसे बुडाले ते बुडालेच.

समजा, मुंबई–दिल्ली विमानात १८० जागा आहेत आणि प्रत्येक प्रवासी येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. १९० तिकिटं विकली तर सरासरी १८०.५ जण येतील. वरवर हिशेब जुळला! पण सरासरीवर विसंबलं की फसगत होते. प्रत्येक प्रवाशाबाबत ‘आला’ किंवा ‘नाही आला’ असे दोनच निकाल असतात. अशा निकालांची बेरीज द्विपद वितरणाने मांडली, की नेमके १८१ येण्याची शक्यता किती, १८२ येण्याची किती, हे एकेक करून काढता येतं. १८१ ते १९० पर्यंतच्या शक्यता मिळवल्या तर उत्तर येतं ५२ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा कुणीतरी मागे राहणार! १८५ तिकिटं विकली तर हीच शक्यता ४.३ टक्क्यांवर येते. तिकिटं फक्त पाच कमी, पण धोका बारा पटींनी कमी.

आता पैसे पाहू. १८५ तिकिटांच्या हिशेबात दर उड्डाणामागे सरासरी ०.०६४ प्रवासी मागे राहतात. माणशी १०,००० रुपये भरपाई धरली तरी खर्च ६४० रुपयांच्या आसपास. ५,००० रुपयांच्या पाच जादा तिकिटांतून मात्र २५,००० रुपये येतात. मोह कसला, ते कळलं ना?

या गणितात एक गृहीतक आहे : प्रत्येक जण स्वतंत्रपणे येतो किंवा चुकतो. लग्नाला निघालेलं आठ जणांचं कुटुंब तसं वागत नाही. आलं तर सगळं येतं, चुकलं तर सगळं चुकतं. अशा वेळी प्रत्यक्ष आकडा सरासरीपासून बराच दूर जाऊ शकतो.

नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमांप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. तुम्ही वेळेवर हजर असूनही जागा नाकारली आणि मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई मिळते. २४ तासांच्या आतलं विमान दिल्यास एकेरी मूळ भाडं व इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं दिल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. तेव्हा काउंटरवर हुज्जत घालत बसू नका. भरपाई लेखी मागा.