पडद्यावरचे काळे, छापखान्यातले काळे

कॅनव्हासारख्या ऑनलाइन साधनात केलेले चित्र पडद्यावर प्रकाशाने दिसते. छापखान्यात मात्र त्याला शाई, कागद आणि कटिंग मशीनचे पाते या तिघांच्या हातून जावे लागते. फाइल करताना या तिघांचा विचार झाला नसेल, तर चूक गठ्ठे सोडल्यावरच कळते. प्रस्तुत लेखकाने एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ असे केले होते. त्यातल्या चुका पुढे ओघाने येतील. त्यांतली एकही छापखान्याची नव्हती.

सर्वांत आधी आकार ठरवावा लागतो. तयार नमुन्यांपैकी बरेच अमेरिकी ‘लेटर’ मापाचे, म्हणजे ८.५ × ११ इंचांचे असतात. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. लेटर त्याहून सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड भरते, त्यामुळे ते ए-फोरवर ताणले की अक्षरे आणि चेहरे लांबट होतात. प्रेसकडून कापल्यानंतरचे माप मिलिमीटरमध्ये विचारून घ्यावे आणि कोरे पान त्याच मापाने उघडावे.

कापताना कागदांचा गठ्ठा एकदम पात्याखाली जातो आणि थोडेफार सरकतो. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवतात. यालाच ब्लीड म्हणतात. डाउनलोड करताना ‘क्रॉप मार्क आणि ब्लीड’ या चौकटीत खूण केली की काम झाले, असे वाटते. ती खूण फक्त जागा देते. रंग त्या जागेपर्यंत स्वतः ओढून न्यावा लागतो. स्मरणिकेत खूण होती, रंग ओढलेला नव्हता, आणि कित्येक प्रतींच्या उजव्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ राहिली. मजकूर मात्र कापण्याच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवा.

छायाचित्रांसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशेब. पूर्ण ए-फोर पानाला त्यामुळे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो या हिशेबाने जेमतेम २ इंच रुंद छापता येतो. कोपरा धरून तो मोठा केला तरी नवे पिक्सेल कुठून येणार? दुरून पाहायच्या फ्लेक्सला हा नियम एवढा कडक नसतो.

पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. ऑफसेट मशीन सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून. झगझगीत भगवा, पोपटी आणि गडद निळा हे रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर जातात आणि मळकट उतरतात. कॅनव्हाच्या सशुल्क सदस्यत्वात याच चार शायांची, म्हणजे सीएमवायके पीडीएफ मिळते. त्याने रंग खुलत नाही, पण कसा उतरेल याचा अंदाज आधी येतो.

सर्वांत फसवा रंग काळा. पडद्यावर तो एकच दिसतो, पण रूपांतर होताना बहुधा चारही शायांचे मिश्रण बनतो. मोठ्या पट्ट्याला ते शोभून दिसते. ८–९ पॉइंटाच्या मजकुराला मात्र चार शायांच्या चार प्लेटी एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. रंग जरा हलला की शिरोरेषेला रंगीत सावली पडते आणि अनुस्वार भरून जातो. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे ठेवली तर त्यांच्यात शाई शिरते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे १०० टक्के ‘के’ मध्ये हवा. शायांचे प्रमाण हाताने ठरवण्याची सोय बहुतेक ऑनलाइन साधनांत नसते. म्हणून आतली मजकुराची पाने स्क्रायबससारख्या मोफत पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये करावीत किंवा प्रेसच्या डीटीपीवाल्याकडे सोपवावीत. मुखपृष्ठ आकर्षक झाले की त्याच साधनात आतली ६४ पानेही करण्याचा मोह होतो. तो महागात पडतो.

देवनागरीचे एक वेगळेच दुखणे आहे. प्रेसमध्ये दुरुस्तीसाठी पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडली जाते. तिथे फाइलमधला युनिकोड फाँट नसेल, तर दुसराच फाँट येतो, जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. स्मरणिकेवरच्या ‘ग्रंथालय’ मधला ‘ग्र’ असाच फुटला होता. फाइल देतानाच मजकुराच्या बाह्यरेषा करून घ्याव्यात. प्रेसच्या भाषेत ‘कर्व्ह’ करणे. पीडीएफ ‘फ्लॅटन’ करण्याचा पर्यायही अक्षरे फुटू देत नाही, पण त्याने मजकुराचे चित्र होते. म्हणून तो मोठ्या शीर्षकांपुरता चालतो, बारीक मजकुराला नाही. दोन्ही बाबतींत नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा मुद्रितशोधन आधी संपलेले असावे.

पुस्तकाच्या कण्याची जाडी पानसंख्या आणि कागद ठरल्यावर प्रेसच सांगू शकते. ती अंदाजाने टाकू नये.

तयार पीडीएफ ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास पिक्सेल गळतात. छपाईआधी कागदावरचे प्रूफ मागावे, कापलेल्या मापाचे, आणि ते दिवसाउजेडी पाहावे. डिजिटल प्रिंटवरचा रंग ऑफसेटशी हुबेहूब जुळत नाही, पण कापलेली कड, फुटलेले अक्षर आणि भरलेला अनुस्वार त्यात दिसतो. स्मरणिकेचे प्रूफ फोनवर, रात्री, दोन बोटांनी मोठे करून पाहिले गेले होते.