सराव कंपनी चालवताना

तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांकडून मी संगणकावर एक सराव कंपनी चालवून घेतो. धंदा स्टेशनरीच्या घाऊक विक्रीचा. माल खोटा, पैसे खोटे. बिलं, चलनं, व्हाउचर मात्र रीतसर. त्यातून उमगलेलं हे.

1. समोर दुसरी कंपनी हवीच. ऑस्ट्रियातल्या वाणिज्य शाळांत सराव कंपनी अभ्यासक्रमातच आहे, आणि या कंपन्या परदेशातल्या सराव कंपन्यांशीही व्यवहार करतात. आमच्याकडे वर्गाचेच दोन गट. एकदा पुरवठादार गटाने 42 रजिस्टरांचं बिल धाडलं. डिलिव्हरी चलनावर होती 40. खरेदी सांभाळणाऱ्या मुलीने बिल अडवलं. पलीकडचा मुलगा ऐकेना, शब्दाला शब्द वाढला, शेवटी डेबिट नोट निघाली. व्याख्या तिला आधीपासून पाठ होती. ती नोट काढायची वेळ कशी येते, हे त्या दिवशी कळलं.

2. आकडे देऊ नका, कागद द्या, तोही जरा बिघडवून. सुरतच्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होतो, आपला 27 ने. राज्यं दोन, म्हणून 18 टक्क्यांच्या मालावर आयजीएसटी लागणार. मी बिलावर मुद्दाम सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9 टाकतो. बेरीज तीच येते, त्यामुळे बरीच मुलं डोळे झाकून एंट्री मारून मोकळी होतात!

3. टॅलीच्या शैक्षणिक मोडमध्ये महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंद घेता येते. शिकायला तेवढं पुरतं, पण दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्याच्या 11 आणि 20 या तारखांची धास्ती त्यात कुठून येणार? म्हणून भिंतीवर साधं कॅलेंडर लावा आणि उशीर झाला की विलंब शुल्काचं व्हाउचर करायला लावा.

4. रोकड सांभाळणाऱ्याला बँकेचा ताळमेळ देऊ नका. कामं महिन्याला फिरवा.

5. नफ्याला मार्क नकोत. व्यवसायाच्या तयार संगणकी खेळांत क्रमवारी लागते, मग पोरं भाव पाडून जुगार खेळतात आणि हिशेब राहतो बाजूला. मी फाइलमधली कुठलीही एंट्री दाखवून तिचा कागद मागतो. कागद सापडला तर मार्क.

एकाच वर्गातले गट शेवटी मित्रच. उधारी वसूल करायला कचरतात. तुम्ही कॉमर्स शिकवत असाल, तर पुढच्या सत्रात शेजारच्या कॉलेजातला एक वर्ग गिऱ्हाईक म्हणून धरा.