गोचीड, तीन कुरणं आणि लाल लघवीचा ताप



परिसर अभ्यासात रोगांचा प्रसार शिकवताना आपण फळ्यावर चार शब्द लिहितो : हवा, पाणी, अन्न, कीटक. मुलं ते पाठ करतात. पण "कीटकामुळे आजार होतो हे पहिल्यांदा कळलं कसं?" असं एखाद्याने विचारलं, तर "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" एवढं सांगून आपण पुढे जातो. या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर गाईच्या कानात बसणाऱ्या गोचिडापाशी सापडतं. गावाकडच्या शाळेत तर हा पाठ घ्यायलाच हवा असं माझं मत आहे. ज्या घरात एकच दुभती गाय आहे आणि दुधाच्या पगारावर किराणा येतो, तिथे गोचीड-ताप म्हणजे काय हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

गोष्ट अमेरिकेतली आहे. एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि इतर दक्षिणेकडच्या राज्यांतून गुरांचे मोठे कळप विकण्यासाठी उत्तरेकडे नेले जात. ही गुरं दिसायला धडधाकट असायची. पण ती ज्या वाटेने, ज्या कुरणातून जायची, तिथली उत्तरेची गुरं महिन्याभराने आजारी पडायची. कडक ताप, लघवी लाल-काळी, आणि मग पटापट मरणं. लोकांनी याला 'टेक्सास ताप' नाव दिलं. उत्तरेच्या काही राज्यांनी दक्षिणेच्या गुरांना बंदीही घातली.

इथे मुलांना थांबवून विचारा, यात विचित्र काय वाटतं? सहसा दोन गोष्टी निघतात. आजार आणणारं जनावर स्वतः ठणठणीत कसं? आणि ते निघून गेल्यावर एवढ्या उशिराने आजार का यावा? गुराखी मात्र सांगत होते, हा गोचिडांचा प्रताप आहे. अनेक तज्ज्ञांनी ते उडवून लावलं.

अमेरिकेच्या शेतीखात्याच्या पशु-विभागात थिओबाल्ड स्मिथ नावाचे संशोधक होते. गुराख्यांचं म्हणणं त्यांनी तपासायला घेतलं. सोबत पशुवैद्य किलबोर्न आणि गोचिडाचं जीवनचक्र अभ्यासणारे कूपर कर्टिस. 1889 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या केंद्रावर नॉर्थ कॅरोलायनातून गोचीड लागलेली गुरं आणली. मग कुंपण घालून कुरणं वेगळी केली.

एका कुरणात दक्षिणेची गोचीडवाली गुरं आणि उत्तरेची निरोगी गुरं एकत्र. दुसऱ्यात दक्षिणेचीच गुरं, पण त्यांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढलेले, सोबत उत्तरेची गुरं. (रोज गुरं तपासून एकेक गोचीड वेचायचा! शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट आणि काचेची नळी, हे मुलांच्या डोक्यातलं चित्र इथे जरा हलतं.) तिसऱ्या कुरणात दक्षिणेचं एकही जनावर नाही. गवतावर नुसते गोचीड आणून टाकले आणि उत्तरेची गुरं सोडली.

निकाल सांगण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला लावा. पहिल्या कुरणातली उत्तरेची गुरं आजारी पडली. दुसऱ्यातली ठीक राहिली. तिसऱ्यातली आजारी पडली.

पाठाचा गाभा दुसऱ्या कुरणात आहे, म्हणून तिथे घाई करू नका. फक्त पहिलं कुरण असतं तर "दक्षिणेच्या गुरांच्या शेणातून झालं असेल, लाळेतून झालं असेल" असं कुणीही म्हणू शकलं असतं. दुसऱ्या कुरणात शेण होतं, लाळ होती, श्वास होता, फक्त गोचीड नव्हते. एकच गोष्ट काढून घेतली आणि आजार थांबला. तिसऱ्यात ती एकच गोष्ट ठेवली आणि आजार आला. तुलना कशी करावी हे चौथीच्या मुलाला कळेल असं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुढचा भाग आणखी मजेशीर. टेक्सास तापाचा गोचीड एकदा जनावरावर चढला की पिल्लापासून मोठा होईपर्यंत त्याच जनावरावर राहतो. मग तो दुसऱ्याला आजार देणार कसा? 1890 मध्ये स्मिथनी प्रयोगशाळेत अंड्यांतून गोचिडाची पिल्लं उबवली. या पिल्लांनी जन्मात कुठल्या जनावराचं रक्त प्यायलेलं नव्हतं. ती एका निरोगी कालवडीवर सोडली. तिला टेक्सास ताप आला! म्हणजे आजाराचा जंतू आईच्या पोटातून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात गेला होता.

आता महिन्याचं कोडंही सुटतं. रक्त पिऊन फुगलेली मादी गवतात गळून पडते, हजारोंनी अंडी घालते, ती फुटायला तीनेक आठवडे, मग पिल्लं नव्या गुरांवर चढतात आणि दहाएक दिवसांनी ताप. फळ्यावर दिवस मांडून बेरीज करून घ्या, गणिताचाही तास होतो. जाता जाता एक गंमत : गोचीड हा कीटक नाही, तो कोळ्याच्या नात्यातला. मोठ्याला आठ पाय असतात, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच.

स्मिथना आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत नाशपातीच्या आकाराचे, जोडीजोडीने बसलेले सूक्ष्म परजीवी दिसले. या परजीवीला आज बॅबेसिया म्हणतात. तो तांबड्या पेशी फोडतो, त्यांचा रंग लघवीत उतरतो, म्हणून लघवी लाल. बॅबेसिया हे नाव रुमानियाच्या व्हिक्टर बाबेश यांच्यावरून आलं. त्यांनी 1888 मध्ये तिकडच्या गुरांच्या रक्तात आणि पुढे मेंढ्यांच्या रक्तातही असे परजीवी पाहिले होते. मेंढ्यांतला आजार त्यांनी पाहिला, पण तो पसरवतो कोण हे नंतर रुमानियातच मोतास यांनी दाखवलं. तिथेही गोचीडच निघाला. स्मिथ-किलबोर्न यांचा अहवाल 1893 मध्ये आला. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो त्यानंतर, 1897 मध्ये.

राहिलं पहिलं कोडं. दक्षिणेच्या गुरांना हा आजार वासरू असतानाच होऊन गेलेला असतो. लहानपणी तो सौम्य होतो, अंगात प्रतिकारशक्ती येते, पण थोडे परजीवी रक्तात राहतात. म्हणून ती स्वतः धड आणि शेजाऱ्याला धोका.

इथून आपल्या गोठ्यात येऊ. आपल्याकडे लाल लघवीचा बॅबेसिया आहेच, पण संकरित गाईंना जास्त छळतो तो त्याच्याच जवळचा थायलेरिया. हा आधी पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना बेसुमार वाढायला लावतो, म्हणून खांद्यापुढची, कानाखालची गाठ सुजते. ताप 104-105 अंशांवर जातो (गाईचा नेहमीचा 101-102 असतो), डोळ्यांतून पाणी, दूध एकदम कमी. खिल्लारसारखी देशी जनावरं पुष्कळदा यातून निभावतात, जर्सी-होल्स्टीन संकर आडवा पडतो. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना मुद्दाम हा संसर्ग देऊन पाहिला तेव्हाही साहिवाल वासरं जास्त चांगली तगली. यावर ब्युपारव्हाक्वोन हे चांगलं औषध आहे, पण ते लवकर मिळायला हवं. गाठ सुजली, ताप आला की "एक-दोन दिवस बघू" म्हणू नका, पालकहो. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. लसही आहे, आपल्या देशातच बनते, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावी लागते. गावोगावी पोचायला अडचण आहे ती तिथे.

या दोन आजारांत एक फरक मुलांना जरूर सांगा. थायलेरिया अंड्यातून पुढे जात नाही. पिल्लू आजारी जनावराचं रक्त पितं, खाली उतरतं, कात टाकतं, आणि मोठं होऊन दुसऱ्या जनावराला चावतं तेव्हा आजार देतं. कात टाकायला ते जातं कुठे? गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटींत, गव्हाणीच्या खाली. म्हणजे गाईच्या अंगावर औषध मारून भागत नाही. भेगा लिंपून घेणं, चुना मारणं, गोठ्यातला कचरा आणि जुनं शेण हलवणं, ही निम्मी लढाई आहे. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधायचं ते याच कारणाने. तेही टेक्सासच्या गुरांसारखं वरून धडधाकट दिसू शकतं. मेंढ्यांत गोचीड लोकरीत दिसत नाहीत, तिथे कान, काख आणि शेपटीखालचा भाग चाचपावा लागतो. धनगरांच्या मुलांना हे आपण शिकवायला नको, त्यांनाच वर्गात सांगायला लावा.

एक काळजी मात्र घ्याच. गोचीड काढून नखाने किंवा पायाने चिरडायची मुलांना सवय असते. ती मोडा. काही गोचीडजन्य आजार माणसालाही होतात. 2011 मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने माणसं दगावली होती आणि सिंधुदुर्गात माकडताप येऊन गेला आहे. वेचलेले गोचीड मोठ्या माणसांनीच हातमोजे घालून रॉकेलच्या डबीत टाकावेत. फवारणीचं औषध विषारी असतं, तेव्हा मुलं गोठ्याबाहेर.

वर्गासाठी कृती अशी देता येईल : मुलांनी घरच्या मोठ्यांसोबत, कशालाही हात न लावता, गोठ्याच्या चारही भिंती पाहायच्या. कुठल्या भिंतीत, जमिनीपासून किती उंचीवर भेगा आहेत ते वहीत मांडायचं. भेगा लिंपल्यावर महिन्याने तोच तक्ता पुन्हा भरायचा, शेजारी गाईच्या कानात मोठ्यांना दिसलेल्या गोचिडांची संख्या लिहायची. ज्यांच्याकडे लिंपलं नाही त्यांचाही तक्ता फळ्यावर शेजारीच लावा.