साथीच्या वर्षी घरचा गणपती: लेकी-सुनांना कानमंत्र

लेकी-सुनांनो, आणि त्यांच्यासोबत हे वाचणाऱ्या मुलग्यांनो,

मूळ घरचा गणपती आता तुमच्या हाती येतो आहे. मोदक तुम्हाला जमतात, आरत्या पाठ आहेत, गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधायचं तेही ठाऊक आहे. पण साथ आलेल्या वर्षी सण कसा सांभाळायचा, हे कुणी बसून शिकवत नाही. मला ते सासूबाईंनी सांगितलं आणि त्यांना त्यांच्या आजीने. त्या आजीचं माहेर घाटावरचं. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की माणसं राहती घरं सोडून माळावर खोपी घालून राहत. सण आला की तिथेच तीन दगडांची चूल मांडत आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवत. पुढे १९१८ मध्ये मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हाही त्यांनी तसंच निभावलं. २०२० मध्ये कोरोनामुळे आपल्यावर पाळी आली, तेव्हा मला त्याच गोष्टी उपयोगी पडल्या. म्हणून आता तुमच्या कानावर घालते.

सणाचं माप सर्वांत नाजूक माणसावरून घ्या

सगळ्यात आधी घरात कोण कोण आहे ते बघा. ऐंशीच्या पुढचे आजोबा, साखरेच्या गोळ्या घेणारी काकी, दिवस गेलेली सून, तान्हं बाळ. यांतल्या सर्वांत नाजूक जिवाला जेवढी वर्दळ सोसेल, तेवढाच सण त्या वर्षी करायचा. धडधाकट माणसांच्या हौसेवरून माप घेतलं, तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून जातात आणि भोगायचं मागे राहिलेल्या म्हाताऱ्याने.

यात भक्ती उणी पडते असं कुणी म्हणालं, तर त्याला २०२० ची आषाढी सांगा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका त्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती बसवली नाही, आरोग्योत्सव केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान करवून घेतलं. एवढ्या मोठ्यांनी आपली रीत आवरती घेतली. मग आपल्या पडवीतली पंगत एखाद्या वर्षी लहान झाली तर देव रागावणार नाही.

‘यंदा येऊ नका’ हे घरातल्या मोठ्याने सांगायचं

हे काम सुनेवर कधीही टाकू नका. तिने फोन केला की ‘वहिनीला आम्ही नकोसे झालो’ असं होतं, आणि तो सल वर्षानुवर्षं राहतो. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने स्वतः प्रत्येकाला फोन करायचा. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर एक निरोप टाकून मोकळं व्हायचं नाही. कारण सांगायचं, पूजा कोण करणार ते सांगायचं, प्रसाद कसा पोचेल तेही सांगायचं. आणि हे सगळं लवकर, म्हणजे तिकिटं काढण्याआधी. पिशवी भरून बसलेल्या माणसाला नको म्हणणं फार वाईट.

आलेल्याला नीट ठेवून घ्या

ज्यांना यायलाच हवं, ते येतीलच. २०२० मध्ये चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सरकारने चौदा दिवसांचं विलगीकरण दहावर आणलं आणि मुंबईहून कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांना १२ ऑगस्टच्या आत गावात पोचायला सांगितलं. हिशेब सरळ होता, दहा दिवस काढून मग देवासमोर बसायचं. पुन्हा वेळ आली तर तोच हिशेब धरा. बाहेरच्या पडवीची खोली द्या, मागचं न्हाणीघर त्यांच्यापुरतं ठेवा, ताट-वाटी वेगळी काढा.

एक मात्र विसरू नका. वेगळं ठेवलेल्या माणसाशी रोज बोला. संध्याकाळी खळ्यात लांब खुर्ची टाकून बसा, चहा तिकडे आणि इकडे एकाच वेळी प्या. ताट दाराशी सरकवून पाठ फिरवली, तर मुंबईहून इतक्या ओढीने आलेल्या माणसाला आपण रोगी नव्हे, गुन्हेगार आहोत असं वाटू लागतं.

पूजा छोटी, पण पुरी करा

मूर्ती लहान आणा. २०२० मध्ये सरकारनेच घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली होती आणि शक्यतो घरातल्या धातूच्या किंवा संगमरवरी मूर्तीची पूजा करा असं सुचवलं होतं. भटजींना घरोघर फिरवू नका, ते फोनवरून पूजा सांगतात. पाच किंवा सात दिवसांऐवजी दीड दिवसाचा केला तरी चालतो. विसर्जन अंगणात, मोठ्या घंगाळात करा आणि ते पाणी माडाच्या बुंध्याशी सोडा.

आरतीला दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. कोरोनासारखा आजार श्वासातून पसरतो, आणि बंद खोलीत दहा जण घसा ताणून गाऊ लागले की एका आजाऱ्याचा श्वास सगळ्यांच्या छातीत जातो. भजनी मंडळींनी घरोघरी फिरायचं त्या वर्षी राहू द्या. जी ती आरती ज्याच्या त्याच्या घरी. तीर्थ एकाच पळीने हातोहात देऊ नका. खोबरं, साखरफुटाणे पुडीत बांधून द्या.

आणि हे नीट लक्षात ठेवा: सॅनिटायझर लावलेल्या हाताने निरांजन पेटवायचं नाही. त्यातलं अल्कोहोल भुर्रकन पेट घेतं. देवघरात शिरताना साबणाने हात धुवा आणि ती बाटली दिव्यापासून लांब ठेवा.

पाहुणे नसलेलं वर्ष शिकवायला वापरा

एरवी चाळीस माणसांच्या स्वयंपाकात मुलांना कुणी चुलीजवळ फिरकू देत नाही. पाहुणे नसतील त्या वर्षी त्यांना पाटावर बसवा, मुलग्यांनाही, आणि मोदक शिकवा. तांदळाच्या पिठाएवढंच पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पीठ घालून उलथन्याच्या टोकाने ढवळायचं आणि झाकून मंद आचेवर वाफ आणायची. हाताला जेमतेम सोसेल इतकी गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून उकड मळायची, गार झाली की पारी चिरते. पारीची कड पातळ, बूड जरा जाड. मुखऱ्या जवळजवळ घेतल्या की तोंड सुबक मिटतं. वाफवताना खाली हळदीचं पान. मुलांचे पहिले मोदक कसेही झाले, तरी नैवेद्याच्या ताटात त्यांतला एक ठेवा.

साथीत बाहेरची मदतनीस बाई येत नाही आणि घरातले सगळे दिवसभर घरीच असतात. म्हणजे काम दुप्पट आणि हात तेवढेच. म्हणून आदल्या रात्री कामं वाटून घ्या. भांडी कोण घासणार, केर कोण काढणार, फुलं कोण आणणार, हे ठरवा. सणाच्या दिवशी घरातल्या बाईला देवासमोर पाच मिनिटं निवांत बसता आलं नाही, तर तो सण तिचा झालाच नाही.

अंगात कणकण आली तर लपवू नका

चतुर्थीआधीच घरातल्यांच्या महिनाभराच्या नेहमीच्या गोळ्या आणून ठेवा. ऑक्सिमीटर कपाटात नको, हाताशी हवा. आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन. आरोग्य केंद्राचा नंबर आणि रात्री गाडी देणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सणात विघ्न नको म्हणून ताप दडवणारी माणसं मी पाहिली आहेत. घरात सगळ्यांना आधीच बजावून ठेवा: ताप सांगितला म्हणून कुणी रागावणार नाही. पूजेला बसणाराच आजारी पडला, तर सुतकात करतो तसं नात्यातल्या किंवा शेजारच्या कुणाच्या तरी हातून पूजा करवून घ्या.

ज्या घरात माणूस गेलं, तिथे आधी जा

साथीत गेलेल्यांना खांदा द्यायलाही कित्येकांना मिळालं नाही. त्या घरांत त्या वर्षी सण नसतो, पण तिथली माणसं असतात. त्यांच्याकडे आपल्या सजावटीचे फोटो पाठवू नका. फोन करा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. ते टाळत बसलं की त्यांना जास्त लागतं. साधी आमटी-भाताची पाटी दाराशी पोचवा. भाऊबिजेला त्या घरातल्या बहिणीची आठवण चुलत-मावस भावांनी ठेवायची.

लांबच्यांना व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा सर्वांत एकट्या माणसाला आधी लावा. मखर दाखवून झालं की फोन आजीच्या चेहऱ्यासमोर धरा. परदेशातल्या नातवाला तोच बघायचा असतो.

साथ सरली की दारं उघडा

आवरता घेतलेला सण सोयीचा वाटू लागतो. खर्च कमी, दगदग कमी, भांडणंही कमी. त्या सोयीला भुलू नका. भावकी एक वर्ष आली नाही तर हुरहुर लागते. तीन वर्षं आली नाही, तर मुलं एकमेकांना ओळखेनाशी होतात. ज्या वडीलधाऱ्याने ‘येऊ नका’ म्हटलं होतं, त्यानेच पुन्हा एकेकाला नाव घेऊन बोलवायचं. ‘यायचं असेल तर या’ असं मोघम बोलायचं नाही, ‘तुझं पान मांडलंय, चतुर्थीच्या आदल्या रात्री पोच’ असं सांगायचं. माणसं जपण्यासाठी सण लहान केला होता. आता तीच माणसं पुन्हा एका पंगतीला बसवणं, हे तुमचं काम.