आधी नळाखाली धरा

चाकणजवळच्या एका चाळीतली ही गोष्ट. सात वर्षांची मुलगी मुरमावर पडली, गुडघा सोलवटला. तिने लेगिंग खाली ओढली आणि दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी कपडा जखमेला चिकटलेला दिसला. ‘‘का गं नाही सांगितलंस?’’ ‘‘तू झोंबणारं लावतेस ना!’’

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. त्या आईला मी दोष देणार नाही. नवरा रात्रपाळीला, ती एकटी. मागच्या वेळी तिने लेकीच्या काळजीनेच जंतुनाशक ओतलं होतं, तेही पाणी न घालता.

झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पेरॉक्साइडचा फेस बघून तर खात्रीच पटते. पण तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. जंतू नसले तरी येतो. अशी जहाल रसायनं जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा तपासताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांना हेच आढळलं: खोल जखमेतल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक पोचत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र मारतं. त्याच फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडलं.

साधं खरचटलं असेल, तर आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. कंपनीतून नुकत्याच आलेल्या बाबांनी तर नक्कीच; हाताला ऑइल, कूलंट असतं. मग जखम पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरा, माती-खडे पूर्ण निघेपर्यंत. साबण फक्त कडेने. स्वच्छ कापडाने टिपा, पट्टी लावा. हळद, टूथपेस्ट, तंबाखू काही नको.

जखम खोल असेल, पत्रा लागला असेल, रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरकडेच जा. धनुर्वाताच्या लसीचे बूस्टर डोस पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतात. लसीकरणाचं कार्ड काढून बघा. कुत्रा चावला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

आज मुलांना जवळ घेऊन एवढं सांगून ठेवा: ‘‘लागलं तर लगेच ये. आपण नुसतं पाण्याने धुऊ.’’